दुधाबरोबरच्या गोळ्या

अण्णा, तुमची पिशवी परत आली. वेल्ह्याहून आलेल्या सकाळच्या गाडीच्या कंडक्टरने ती माझ्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "अण्णांच्या घरनं दिलीया. उरल्याल्या गोळ्या हायेत. कुना गरिबाला लागल्या तर द्या, म्हनल्यात." तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले होते. वीस वर्षं ज्या रस्त्याने तुम्ही माझ्या मेडिकलमधली औषधं गावोगाव पोचवलीत, त्याच रस्त्याने तुमची औषधं माझ्याकडे उलटी आली. मी शटर अर्धं ओढलं आणि आत स्टुलावर बसलो. रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग.

गोळ्यांच्या खाली तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या. पहिल्या दिवसापासूनच्या, सालवार लावलेल्या, प्रत्येक डॉक्टरला वेगळी टाचणी. डेपोत रोज तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल जमा करणाऱ्या कंडक्टरची सवय, ती आजारपणातही सुटली नाही. मी त्या काउंटरवर ओळीने मांडल्या. पंधरा वर्षांत पाच डॉक्टर, आणि तुमच्या कंपवातावर प्रत्येकाचं वेगळं मत. एका टाचणीतलं चांगलं औषध पुढच्या टाचणीत वाईट ठरलेलं. आणि सगळ्यात शेवटी पुन्हा तेच औषध, जे सुरुवातीला तुम्हाला द्यायला नकार दिला होता. हे सगळं तुमच्या एका अंगावर करून बघितलं गेलं. त्यातला एक घोळ माझा आहे. त्याबद्दल तुम्ही मला कधी तोंड उघडू दिलं नाहीत. आता उघडतो. आता तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

आपली ओळखच मुळी चिठ्ठ्यांची. तुमच्या गुंजवण्यापासून खाली नसरापूरपर्यंत त्या काळात औषधाचं दुकान शोधून सापडत नव्हतं. माणसं थांब्यावर डॉक्टरची चिठ्ठी घेऊन उभी राहायची, तुम्ही ती तिकिटांच्या पेटीत खोचायचात आणि दुपारी भोरच्या स्टँडवर उतरलात की समोर माझ्या दुकानात आणून ठेवायचात. संध्याकाळच्या फेरीला औषधं ज्याची त्याच्या हातात. कुणाची चिठ्ठी कुठल्या थांब्याची, हे तुम्ही कधी लिहून ठेवलं नाही. औषधाबरोबर माझा शब्दही पोचवायचात. "सलीमभाई म्हनलाय, जेवून घ्या." "सलीमभाई म्हनलाय, ह्येच्यावर ताक नगं." मी डी.फार्म. झालेला साधा मेडिकलवाला, पण तुमच्या गाडीत बसलेल्यांना मी मोठा डॉक्टर वाटायचो. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तुम्ही काउंटरला टेकून उभे होतात आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरत होता, तंबाखू मळल्यासारखा. मी म्हटलं, "अण्णा, चुना तरी घ्या, नुसतंच काय मळताय." तुम्ही हसलात आणि हात खिशात घातलात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तुमच्या वेबिलातले आकडे मुंगीएवढे व्हायला लागले, आणि डेपोतला क्लार्क भिंग मागायला लागला. मी जी थट्टा केली होती ती आजाराची होती, हे मला नंतर कळलं.

भोरच्या डॉक्टरांनी आजार बरोबर ओळखला. चिठ्ठीवर लिहिलं ट्रायहेक्सीफेनिडिल, ती छोटी पांढरी गोळी. तेव्हा आमच्याकडे कंपवाताला तीच. डॉक्टर तीच लिहायचे म्हणून मी तीच ठेवायचो, आणि मी तीच ठेवतो म्हणून डॉक्टर तीच लिहायचे. हात थोडा थांबला, पण तुमचं तोंड असं कोरडं पडलं की थांब्यांची नावं पुकारताना जीभ टाळूला चिकटायची. आणि मग तो दिवस. साखरेच्या गोळ्या तुम्ही बीपीवाल्या म्हातारीच्या हातात दिल्यात आणि तिच्या गोळ्या साखरवाल्याला. म्हातारीने रंग ओळखला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या पायरीवर बसलात आणि म्हणालात, "सलीम, माजं डोस्कं काम करंना." मला वाटलं, ड्युटीचा थकवा. डॉक्टरांना वाटलं, आजार वाढला. ती पांढरी गोळीच माणसाच्या डोक्यात असा गोंधळ घालते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. चार वर्षं तुम्ही ती निमूट घेतलीत.

याहून चांगलं औषध तेव्हाही होतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. लेव्होडोपा. कंपनीचा माणूस मला त्याबद्दल सांगून गेला होता. मी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "ते शेवटासाठी राखून ठेवायचं. आत्ताच वापरून टाकलं तर पाच वर्षांनी काय देणार?" त्यांना दोष देत नाही. तेव्हा पुण्या-मुंबईचे मोठे डॉक्टरही असंच म्हणायचे. पण तुम्ही. तुम्ही ते किती आनंदाने मान्य केलंत. ठेवणीतला सदरा लग्नासाठी जपावा तसं तुम्ही औषध जपायला निघालात.

मी म्हटलं होतं, "अण्णा, नोकरी आत्ता आहे. हात आत्ता पाहिजेत. पाच वर्षांनी घरी बसल्यावर चांगले हात घेऊन काय करणार?"

"डाक्टर काय येडा हाय व्हय?"

"वेडा नाही. पण तिकिटं त्याला फाडायची नाहीत."

"तू तुजं दुकान बघ," म्हणालात आणि उठून गेलात. पुढची कितीतरी वर्षं आपण हे भांडण अधूनमधून काढत राहिलो. मी बरोबर होतो, अण्णा. हे ऐकायला तुम्ही असायला हवे होतात.

दुसरी टाचणी पुण्याच्या डॉक्टरची. त्यांनी एकदाचं लेव्होडोपा लिहिलं आणि मी ते पुण्याहून मागवलं. पहिल्याच आठवड्यात तुम्हाला कापूरहोळच्या फाट्यावर भर गाडीत उलटी झाली. तोंडाला रुमाल लावूनच तुम्ही दुकानात आलात. मी कुणाची तरी गोळ्यांची पट्टी कात्रीने कापत होतो. मान वर न करता म्हटलं, "कडक गोळी आहे अण्णा, पोटाला सोसत नाही. दुधाबरोबर घ्या."

एवढंच वाक्य. हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा बोलायचो. आपल्याकडे औषध गरम पडलं की त्यावर दूध, हे कुणाला शिकवावं लागत नाही. माझी आई क्रोसिनसुद्धा दुधाबरोबर द्यायची. औषधाच्या प्रत्येक खोक्यात माहितीचा एक कागद असतो. पण मी पट्ट्या चार-चार गोळ्यांच्या कापून विकणारा, मला तो कागद पुड्या बांधायला बरा पडायचा. तुमच्या गोळ्यांचीही पुडी मी कदाचित त्याच कागदाची केली असेल. तो कागद मी कधी वाचला नाही.

उलटी थांबली. तुम्ही खूश. गाडीत सगळ्यांना सांगितलंत, सलीमभाईचा इलाज. घरी मात्र माझं नाव काढलं नाहीत, नुसतं "दूध दे" म्हणालात, आणि वहिनींनी मी मनात धरलेल्या अर्ध्या कपाचा पितळी पेला केला. दारात म्हैस. सकाळ, दुपार, संध्याकाळ, प्रत्येक गोळीला पेलाभर घट्ट दूध. दुपारचं तर बाटलीत भरून ड्युटीवर यायचं.

आणि औषध चालेना. एक दिवस हात-पाय मोकळे, दोन दिवस लाकूड. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, मग म्हणाले, हे तुम्हाला लागू पडत नाही. तिसरी टाचणी, तिसरा डॉक्टर, ब्रोमोक्रिप्टिन. पायाला सूज. चौथी टाचणी, दोन हजार सालानंतरची, रोपिनिरोल. तेव्हा कंपनीच्या माणसाने माझ्या काउंटरवर चकचकीत तक्ता उलगडला होता. "आता सगळ्या देशात हेच सुरू करतात. लेव्होडोपा मागे पडलं." मीही मान डोलावली. देशात काय लिहितात ते आम्हाला असंच कळायचं, तक्त्यावरून. त्या नव्या गोळीने तुम्ही ताटावर बसल्या बसल्या झोपायला लागलात. भाकरीचा तुकडा हातात आणि मान खाली. वीस वर्षं लोकांना घंटी मारून वेळेवर नेणारा माणूस स्टँडच्या बाकावर झोपला आणि त्याची स्वतःची गाडी निघून गेली. असं तीनदा झालं. मग डेपोने तुम्हाला गाडीवरून काढून कंट्रोलच्या खोलीत बसवलं, आणि निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना घरी पाठवलं.

त्या दिवशी तुम्ही दुकानात आलात. तिकिटं टोचायचा पंच डेपोत जमा केला होता आणि बोटं मात्र तो असल्यासारखी मिटत होती. मी चहा मागवला. तुम्ही मला म्हणालात, "गोळ्याच नशिबात न्हाईत म्हन की." मी म्हटलं, होय.

पाचवी टाचणी पुण्याच्या डॉक्टरबाईंची. मी दुकान बंद ठेवून तुमच्याबरोबर आलो होतो. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या, तुमच्या टाचण्यांचं कौतुक केलं आणि मग असा प्रश्न विचारला, जो चार डॉक्टरांनी आणि एका मेडिकलवाल्याने विचारला नव्हता.

"लेव्होडोपा चालू होतं तेव्हा गोळी कशाबरोबर घ्यायचात?"

"दुदाबरूबर."

"किती दूध?"

तुम्ही हाताने पेल्याची उंची दाखवलीत. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, दुधातली प्रथिनं आणि हे औषध आतड्यातून एकाच वाटेने आत जातात. दुधाची गर्दी झाली की औषध बाहेर राहतं. तुम्ही म्हणालात, "म्हंजी बाजारच्या दिवशी एष्टीच्या दारात व्हतं तसं." बाई हसल्या. मी नाही हसलो.

"पण दुधाबरोबर घ्या असं सांगितलं कुणी?"

मी तुमच्या शेजारी होतो. तोंड उघडायला अवधी होता. तुम्ही माझ्याकडे बघितलंतही नाहीत. "कुनी न्हाई. घरची म्हस हाय, बायकू देती," म्हणालात.

बाईंनी पुन्हा लेव्होडोपा लिहिलं, जेवणाआधी तासभर, साध्या पाण्याबरोबर. मी धीर करून विचारलं, मधली वर्षं दुधामुळेच गेली का? त्या म्हणाल्या, "सगळं दुधामुळे नाही. आजार वाढतोच. किती दुधामुळे आणि किती आजारामुळे, हे आता कुणीच सांगू शकणार नाही." मग औषध राखून ठेवण्याचं विचारलं. "तेव्हा आम्ही सगळेच तसं म्हणायचो. आता म्हणत नाही." इतकं साधं. सगळ्या देशाचं मत फिरतं, चिठ्ठीवरचं नाव बदलतं, आणि ज्याची वर्षं गेली त्याच्या घरी जाऊन कुणी एक शब्द बोलत नाही. मला बाईंचा राग आला. चांगल्या होत्या त्या, खरं बोलल्या, आणि तरी आला. तुमच्या शेजारी मूग गिळून बसलेल्या माणसाने रागवावं, म्हणजे कमालच.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "असं का सांगितलंत?"

"तुजं दुकान त्या शब्दावर चालतंय. वर गावात कळलं तर कोन चिठ्ठी दील तुला? माजी नोकरी तर गेलीच. आता गप."

मी गप्प बसलो. आणि मला बरं वाटलं. मी तुमच्यावर चिडलोय तो याच्यासाठी. तुम्ही मला शिव्या द्यायला हव्या होत्या. गाडीत सगळ्यांसमोर द्यायला हव्या होत्या. त्याऐवजी तुम्ही मला सोडवलंत, मला न विचारता, आणि माझी चूक ज्यांच्या गळ्यात घातलीत त्या वहिनी तर त्या खोलीत नव्हत्याच.

तुम्ही घरी जाऊन एवढंच सांगितलंत की डॉक्टरनी दूध बंद केलंय, दुधाने गोळी अडते. पुढचं वहिनींनी स्वतःच जुळवलं. इतकी वर्षं दिवसातून तीन वेळा, स्वतःच्या हाताने. महिन्याभरात त्यांनी म्हैस विकली. मी घरी आलो तेव्हा गोठा धुऊन कोरडा केलेला होता. वहिनी म्हणाल्या, "भाई, म्या माज्या हातानं त्यास्नी अडवलं." तुम्ही बाजेवर बसून ऐकत होतात. मी तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही आढ्याकडे. मी म्हटलं, "तसं काही नसतं, वहिनी." काय भिकार वाक्य होतं ते.

पाण्याबरोबर गोळी सुरू झाल्यावर तीन वर्षं चांगली गेली, हेही लिहिलं पाहिजे. तुम्ही स्टँडवरून माझ्या दुकानापर्यंत कुणाचा हात न धरता चालत यायचात. माझ्या मुलीच्या निकाहाच्या पत्रिका तुम्ही हट्टाने स्वतः गाडीतून वाटल्यात, प्रत्येक थांब्यावर उतरून, आणि नव्या कंडक्टरला गाडी थांबवून ठेवायला लावलीत. मांडवात तुम्ही स्वतःच्या हाताने बिर्याणी खाल्लीत आणि एक शीत सांडलं नाहीत. मी लांबून बघत होतो. इतका आनंद मला त्या दिवशी नवरदेवाकडे बघूनही झाला नाही. आणि त्याच वेळी मनात यायचं, हे आधी झालं असतं. तुमच्याकडे बघून मला नुसता आनंद कधी होऊ शकला नाही, अण्णा.

शेवटच्या हिवाळ्यात तुमचा आवाज इतका बसला की कान ओठांना लावावा लागायचा. मी एकदा ठरवून आलो. वहिनी ओट्यावर होत्या. म्हटलं, "अण्णा, आज त्यांना सांगून टाकतो." तुम्ही माझं मनगट धरलंत. थरथरत्या हाताची पकड एवढी घट्ट असते हे मला माहीत नव्हतं. "चा घे," म्हणालात. मी चहा घेतला आणि घरी आलो. ती आपली शेवटची भेट.

तर आता ऐका. तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी मी गुंजवण्याला गेलो. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. दुधाबरोबर घ्या हे मी सांगितलं होतं, माझ्या दुकानात, वर न बघता. म्हटलं, वहिनी, तुमचा त्यात काही हात नाही.

त्यांचे हात सुपात थांबले.

"म्हंजी म्या न्हाई?"

"नाही, वहिनी."

"म्या न्हाई," त्या पुन्हा म्हणाल्या, मला नाही, सुपाला. मी खाली बसलो. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला येताना सगळ्या वाटेवर भीती वाटत होती.

"त्यास्नी ठावं व्हतं?"

तुम्ही माझ्यासाठी एक खोटं बोलला होतात. तुमच्यासाठी एक मला बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण वहिनी माझ्याकडे बघत होत्या, आणि पुन्हा त्यांच्याच वाट्याला खोटं ठेवायचं माझ्याच्याने झालं नाही. मी म्हटलं, "होय."

त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. सूप बाजूला ठेवलं आणि पदराने हात पुसले.

"उद्या सकाळी या," म्हणाल्या. "परवाबी या. मला लई बोलायचं हाय. त्यास्नी बोलाया ग्येले तर फोटू नुसता हासतोय. तुमी हायसा, तुमी ऐका."

तेव्हापासून रोज पहिल्या गाडीने वर येतो, अण्णा. ओट्यावर बसतो, आणि आपल्या दोघांच्या वाट्याचं एकटा ऐकून घेतो. दुकान उघडायला दहा वाजतात.